जीपचं तोंड

दसऱ्याच्या संध्याकाळी अद्वैतच्या जीपनं अमरावतीची हद्द ओलांडली. मोरोपंत तीत बसले होते आणि चक्क हसत होते.

हे आता डोक्यातून काढून टाका. असं काही झालेलंच नाही. जीप अजून अंबापेठेतल्या अंगणात विटांवर उभी आहे, मोरोपंतांना हसता येतं अशी घरात कुणाला शंकाही नाही, आणि घट बसायला अजून अवकाश आहे.

अद्वैत हा मोरोपंतांचा मुलगा. मोरोपंत निम्म्या शहराचे भटजी. वास्तुशांत असो, मुंज असो, नवी स्कूटर असो, पहिला नारळ त्यांच्याच हातचा. अद्वैत घरी बसून लॅपटॉपवर कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी मिटवायचा, आणि उरलेल्या वेळात घरच्यांना तक्रारीला जागा करून द्यायचा. कारण त्यानं सुरू केलेलं काही पूर्ण झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. न्हाणीत मशरूमची शेती केली, तेव्हा पिशव्यांत काही उगवलं नाही, न्हाणीच्या चौकटीवर मात्र झकास पीक आलं. जपानी भाषा तो ‘शुभ सकाळ’पर्यंत शिकला, दुपारी काय म्हणतात ते जपान्यांनाच ठाऊक. गिटारवर त्याला एक गाणं अर्धं यायचं, आणि तेही मधलं अर्धं.

“दादा, तू जन्माला तरी पूर्ण आलास ना?” असं त्याची धाकटी बहीण जुईली अधूनमधून विचारायची. रमाबाई, म्हणजे आई, तिला दटावायच्या. पण दटावताना तोंडावर पदर घ्यायच्या.

अशा माणसाला बार्शीटाकळीच्या पुढे एका शेतात जीप दिसली.

जीप साठच्या दशकातली, चारही चाकांना जोर असलेली, कधी काळी मेळघाटात दगडगोटे तुडवत चढलेली. सध्या तिच्यात जुबेरमियाँच्या शेळ्या राहत होत्या. एक म्हातारी शेळी ड्रायव्हरच्या जागी बसून समोर बघत होती. जीपच्या बुडाला भोक पडलं होतं आणि त्यातून निंबाचं झाड वर आलं होतं.

“घेऊन जा,” जुबेरमियाँ म्हणाले. “पण झाडाले धक्का नाई लागला पाह्यजे. सावली त्याचीच हाय.”

“मग गाडी काढायची कशी, चाचा?”

“तो तुमचा मसला हाय.”

शेवटी झाडाच्या फांद्या वेणीसारख्या दोरीनं आवळून बांधल्या, आणि डोक्यातून सदरा काढावा तशी क्रेननं जीप झाडावरून वर काढली. शेळी शेवटपर्यंत उतरली नाही. जीप शेंड्याच्या वर गेल्यावर तिनं एकदा आजूबाजूचा मुलूख पाहून घेतला, आणि जमीन जवळ आल्यावरच खाली उडी मारली. बदल्यात जुबेरमियाँनी अद्वैतची गिटार ठेवून घेतली. रानडुकरं हाकलायला. ती उपयोगी पडेल का, हे बघायला अद्वैतनं तिथंच वाजवून दाखवली, तर शेळ्यासुद्धा पांगल्या. सौदा पक्का झाला.

ही जीप नीट करायला अकोल्याचे शफीभाई दर रविवारी गाडीनं अमरावतीला येऊ लागले. शफीभाई जुन्या जीपांचे मिस्त्री. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या गाड्या होत्या, त्यांनी बनवलेल्या आणि बंद पडलेल्या. काही गाड्या दोन्ही प्रकारांत बसतात, हे ते सांगत नसत. पाने ते खिशात ठेवत. खाली बसले की किराणा दुकानाचं शटर ओढल्यासारखा आवाज यायचा.

“टेन्शन नको घेऊ, अदूबाबू,” ते म्हणायचे. “या गाडीले मी असं पळवतो, असं पळवतो, का लोक पाह्यत राह्यले पाह्यजेत.”

याबाबतीत मात्र त्यांचा शब्द पुढे खरा झाला.

अंगणाचं मात्र वाटोळं झालं. मुहूर्त विचारायला आलेले यजमान टायरवर बसू लागले. रमाबाईंच्या तुळशीला गिअरबॉक्सची सोबत झाली. हेही मोरोपंतांनी सोसलं असतं. पण साईनगरातल्या एका वास्तुशांतीला त्यांनी गणपती म्हणून मांडायला सुपारीची पुडी उघडली, तर आतून बेअरिंगच्या गोळ्या निघाल्या. यजमान डोळे मिटून हात जोडून बसलेले. मोरोपंतांनी क्षणभर विचार केला, एक गोळी तांदळावर ठेवली आणि ‘वक्रतुंड’ सुरू केलं. गोळी घरंगळली. यजमानीणबाईंना तो साक्षात्कार वाटला. मोरोपंतांना मात्र रात्रभर झोप आली नाही.

घटस्थापनेच्या दिवशी आरती झाल्यावर त्यांनी गल्लीतल्या मंडळाच्या मांडवात माइक हातात घेतला. प्रसादाबद्दल बोलतील असं सगळ्यांना वाटलं.

“अंबेच्या साक्षीनं सांगतो,” मोरोपंत म्हणाले. “दसऱ्याला मी आमच्या अंगणातल्या त्या जीपमध्ये बसून सीमोल्लंघन करणार. ती स्वतःच्या बळावर, पुढे चालत, शहराची हद्द ओलांडेल तर राहील. नाही तर एकादशीला सकाळी भंगारवाला येईल, आणि चिरंजीव माझ्याबरोबर पौरोहित्याला येतील. बोला, अंबामाता की...”

“जय!” गल्ली म्हणाली, आणि गल्लीनं वळून अद्वैतकडे बघितलं.

अद्वैतनं मान डोलावली. पौरोहित्याची त्याला तशी भीती नव्हती. धोतरात तो बराही दिसला असता. पण त्या रात्री त्याच्या लक्षात आलं, की जीपही अर्ध्यावर गेली तर पुढे आपण काहीही हातात घेतलं तरी लोक आधी शेवटाची तारीख विचारतील. लग्नातसुद्धा. एकदा, फक्त एकदा, त्याला काहीतरी पुरं करून त्याच्यावर बसून फिरून यायचं होतं.

शफीभाईंना फोन गेला. त्यांनी अकोल्यातली दुकानदारी भाच्याच्या गळ्यात घातली आणि ते पिशवी घेऊन अंबापेठेत मुक्कामाला आले. रमाबाईंनी त्यांना बाहेरची खोली दिली आणि पहिल्याच दिवशी विचारून टाकलं, “शफीभाई, साबुदाणा चालतो ना? नऊ दिवस तेच आहे.”

“भाभी, तुमच्या हातचा ग्रीससुद्धा चालंल.”

सप्तमीला इंजिन चालू झालं. असा धूर निघाला, की गल्लीतले डास पुढचा आठवडाभर दिसले नाहीत. अद्वैत अंगणात नाचला. जुईलीनं त्याचा व्हिडिओ काढला. खिडकीतून बघणारे मोरोपंत पडदा ओढून आत गेले, पण पडद्याच्या फटीतून नाक दिसत होतं.

आणि मग अष्टमीला मागच्या एक्सलला तडा गेलेला सापडला. दोन मागच्या चाकांना जोडणारी ती लोखंडाची आडवी जाड नळी, तिच्या मधोमध गिअरच्या चक्रांचा गोल पोटोबा. आणि त्या पोटोबालाच तडा. शफीभाईंनी तड्याला हात लावला, कपाळाला हात लावला, आणि कपाळावर काळा पट्टा घेऊन अकोल्याची गाडी पकडली. नवमीच्या सकाळी ते दुसऱ्या एका जुन्या जीपचा एक्सल रिक्षात घालून परत आले. रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी तो हातभर बाहेर आला होता.

“बस,” ते म्हणाले. “जॅक लावू, गाडी उचलू, घुसवू, खतम.”

“जॅक?” अद्वैत म्हणाला.

जॅक देवघरात होता.

त्या दिवशी खंडेनवमी. रमाबाईंनी पहाटे उठून घरातली सगळी हत्यारं धुतली, पुसली आणि देवापुढे मांडली होती. विळी, कात्री, अद्वैतचा लॅपटॉप, मोरोपंतांची पळी, आणि अंगणातला एकूण एक अवजाराचा तुकडा. जॅकला झेंडूची माळ होती. साखळीच्या कप्पीला हळदकुंकू. मोठ्या हातोड्यावर अक्षता.

“आई, जॅक उचलू?”

“हात लावून बघ,” रमाबाई म्हणाल्या. “वर्षभर राबतात बिचारी. एक दिवस विसावा नको? उद्या सकाळी पूजा उतरली की घे.”

“उद्या दसरा आहे!”

“मग उद्या कर.”

शफीभाई देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. माळ घातलेल्या जॅककडे बघून त्यांचाही आवाज उतरला. “जॅक माहाच हाय, अदूबाबू. पण इतका सजलेला पाह्यला नव्हता कधी. राहू दे. मलेच कसंतरी वाटून राह्यलं.”

पाने त्यांच्या खिशात होते. ते खिशातच असल्यानं पूजेतून सुटले होते. नट-बोल्टांची चिंता नव्हती. प्रश्न एवढाच, की गाडी उचलायची कशी.

उत्तर मंडळाच्या पोरांनी दिलं. मांडवात गाद्या होत्या आणि पोरांना दुपारी काम नव्हतं. त्यांचा म्होरक्या अश्विन जीपभोवती एक फेरी मारून म्हणाला, “उचलाची कायले? पालथी करू. मंग काय, वरूनच बसवा आरामात.”

इतकी सोपी कल्पना जगात कुणालाच कशी सुचली नाही, असं सगळ्यांना वाटलं. का सुचली नाही, ते दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

बॅटरी काढली, सीट काढल्या, पेट्रोल नि तेल उपसलं, समोरची काच बॉनेटवर आडवी पाडली. अंगणभर गाद्या पसरल्या. “गणपती बाप्पा...” अशी हाक झाली, आणि जीप आधी कुशीवर गेली, मग हळूच पालथी झाली. पाठीवर पडलेल्या झुरळासारखी ती चारही पाय वर करून पडून राहिली. पोरांनी तिच्यावर चढून फोटो काढले.

जुना एक्सल काढून नवा वर ठेवला तेव्हा मोरोपंत अंगणात आले. भंगारवाल्याला त्यांनी मनातल्या मनात बोलावून ठेवलं होतं खरं, पण चुकीचं काम त्यांना शत्रूचंही बघवत नसे.

“याची वरची बाजू कोणती?” त्यांनी विचारलं.

“ही,” शफीभाई म्हणाले. “हे तेल टाकाचं बूच वर असते.”

“मग खूण करा. नाही तर गोंधळात उलटं बसवाल.”

“महाराज, जिंदगी गेली माही जीपांमध्ये.”

“जिंदगी गेली तरी खूण करावी.” मोरोपंतांनी आत जाऊन करंडा आणला, आणि एक्सलच्या वरच्या बाजूला कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. “हा टिळा आभाळाकडे राहिला पाहिजे. काय?”

“एकदम आभाळाकडे,” शफीभाई म्हणाले.

“आभाळाकडे,” अद्वैत म्हणाला.

सगळ्यांनी जातीनं लक्ष दिलं. स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये एक्सल जरा अडत होता, त्याला विटेनं ठोकून समजावलं. सगळे बोल्ट पिळून झाले, चाकं चढली, तेव्हा टिळा झकास आभाळाकडे बघत होता. मोरोपंतांनी स्वतः वाकून पाहिला आणि “हं” केलं. अद्वैतनं त्यांच्याकडून आयुष्यात मिळवलेलं ते सगळ्यात मोठं शाबासकीपत्र होतं.

मग पोरांनी जीप सरळ केली.

टिळ्याचं पुढे काय झालं, हा विचार तिथे हजर असलेल्या एकाही माणसाच्या मनात आला नाही. त्यात एक पदवीधर होता, एक वेदपारंगत होता, एक अकोल्याचा नामांकित मिस्त्री होता, आणि जुईली होती, जी सगळ्यांपेक्षा हुशार असल्याचं रोज सांगायची.

दसरा उजाडला. जीपला झेंडूची तोरणं लागली. बॉनेटवर स्वस्तिक, दिव्यांना गंध, दारात रांगोळी. पुढच्या चाकांसमोर लिंबं ठेवली. मोरोपंत जरीकाठी उपरणं घेऊन पुढच्या सीटवर बसले. मांडीवर आपट्याच्या पानांचं ताट. अद्वैत स्टिअरिंगला, मागे शफीभाई आणि जुईली. गेटच्या बाहेर आख्खी गल्ली.

अद्वैतनं किल्ली फिरवली. इंजिन बोललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप अतिशय ऐटीत, एकही हिसका न देता, मागे गेली.

तुळशीवृंदावनाच्या अलीकडे वीतभर ती थांबली.

“रिव्हर्स टाकलास,” मोरोपंत म्हणाले.

“पहिला टाकलाय, बाबा.”

“मग पुन्हा टाक.”

पुन्हा टाकला. तुळस आणखी जवळ आली. दुसरा टाकून बघितला, तर जीप आणखी उत्साहानं मागे निघाली, आणि अद्वैतनं जेमतेम ब्रेक दाबला. शफीभाई मागून म्हणाले, “फोर-व्हील लाव. फोर-व्हीलमधे सगळं सरळ होते.” अद्वैतनं फोर-व्हीलचा दांडा ओढला. जीप जागच्या जागी थरथरू लागली, उड्या मारू लागली, ताटातली आपट्याची पानं मोरोपंतांच्या उपरण्यावर नाचू लागली, आणि गाडी इंचभरही हलली नाही.

“हे काय चाललंय?” मोरोपंतांनी ताट सावरत विचारलं.

शफीभाईंनी खाली वाकून चाकं बघितली. “महाराज, पुढचे चाकं नागपूरले चाल्ले, आन मागचे अकोल्याले.”

जुईली केव्हाच उतरली होती. ती गुडघ्यांवर बसून गाडीखाली डोकं घालून बघत होती. मग आतून तिचा आवाज आला, “बाबा, तुमचा टिळा सापडला. जमिनीकडे बघतोय.”

पाच माणसं आळीपाळीनं वाकून आली. टिळा ताजा होता. पालथ्या जीपमध्ये सरळ बसवलेला एक्सल, जीप सरळ झाल्यावर पालथा झाला होता, आणि चाकं उलटी फिरत होती. पुढे जायचे तीन गिअर आता मागे नेत होते.

“म्हणजे रिव्हर्स टाकला तर पुढे जाईल!” अद्वैत ओरडला, आणि आत उडी मारून त्यानं रिव्हर्स टाकला. जीप खरंच पुढे सरकली. गल्लीनं आरोळी ठोकली. चाक लिंबाला टेकणार, एवढ्यात गिअरच्या पेटीतून ‘कडाक’ असा आवाज आला आणि काहीतरी खळखळत खाली बसलं.

“रिव्हर्सचे दात,” शफीभाई डोळे मिटून म्हणाले. “तसेही झिजलेलेच होते. गेले बिचारे.”

आता जीपला पुढे जायचा एकही मार्ग उरला नव्हता. मागे जायला मात्र तीन होते.

अद्वैतनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. भंगारवाल्याचा टेम्पो, पौरोहित्याचं धोतर, आणि ‘शुभ सकाळ’ म्हणणारा कुणी जपानी माणूस, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. एक्सल काढून सरळ करायचा तर रात्र झाली असती, आणि दसरा काही कुणासाठी थांबत नाही.

तेवढ्यात रमाबाई पुढे झाल्या. त्यांनी पुढच्या चाकांसमोरची लिंबं उचलली, पदरानं पुसली आणि नेऊन मागच्या चाकांच्या मागे ठेवली.

“मग इकडे ठेवायची,” त्या म्हणाल्या. “त्यात काय एवढं? वाजलेत किती बघा. घरी पुरणाचा स्वयंपाक आहे.”

अद्वैतनं मोरोपंतांकडे बघितलं. मोरोपंतांनी समोर बघितलं. आता समोर जायचं नव्हतंच, हा एक भाग झाला. ते एवढंच म्हणाले, “हद्दीपर्यंत जाऊ. काय ते तिथे ठरवीन.”

पोरांनी जीप ढकलून अंगणात उलटी वळवली, आणि ती गेटबाहेर निघाली. बॉनेटऐवजी फाळका, म्हणजे मागची फळी, पुढे. मागच्या सीटवर जुईली उभी राहिली आणि वाट दाखवू लागली. “डावीकडे! माझ्या डावीकडे! दादा, म्हैस! सायकल! अंकल, बाजूला व्हा, आमचं तोंड तिकडे आहे!” अद्वैतची मान पाठीवर अशी वळली होती की बनियनची शिवण दिसत होती. शफीभाई फाळक्याला धरून लोकांना सलाम करत होते. निवडून आल्यासारखे.

रस्त्यावर दसऱ्याची गर्दी. पहिल्या चौकात लोक घाबरले. दुसऱ्या चौकात लोकांना वाटलं, ही काहीतरी नवीन पद्धत असावी, आणि ते फुलं टाकू लागले. नंतर एका ऑटोवाल्यानं ऑटो शेजारी आणून विचारलं, “काहून बाप्पा, नवस होता काय?”

“हो!” जुईली म्हणाली. “वडिलांचा!”

आणि मोरोपंत? ते पुढच्या सीटवर, म्हणजे आता सगळ्यात मागे, शहराकडे तोंड करून बसले होते. त्यांचं सगळं आयुष्य मिरवणुकीच्या पुढे चालण्यात गेलेलं. मागे कोण येतं, कसं येतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता आख्खी अमरावती त्यांच्यासमोर होती आणि हात हलवत होती. मागून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवाल्याचं तोंड थेट त्यांच्या तोंडासमोर. ओळखीचे यजमान स्कूटर चालवताना एक हात सोडून नमस्कार करत होते. साईनगरातल्या त्या यजमानीणबाई तर एका स्कूटरच्या मागच्या सीटवरून ओरडल्या, “गुरुजी, साक्षात्कार!” मोरोपंतांनी ताटातली पानं उचलली आणि मागच्या लोकांवर उधळायला सुरुवात केली. “सोनं घ्या! सोनं घ्या!” जीपनं तिसरा गिअर घेतला. उपरणं उडून त्यांच्या तोंडावर आलं. उपरण्याच्या आतून जो आवाज आला, तो हसण्याचा होता. अद्वैतनं दचकून समोर बघितलं, जे बघायचं त्याला काहीच कारण नव्हतं, आणि जुईली किंचाळली, “दादा, ट्रक!”

रहाटगावच्या पुढे शहराची हद्द संपल्याची पाटी होती. जीप पाटीपलीकडे जाऊन थांबली. शफीभाईंनी उतरून जमिनीला हात लावला.

“बाबा,” अद्वैत म्हणाला. मान अजून सरळ होत नव्हती, त्यामुळे तो शफीभाईंकडे बघून वडिलांशी बोलत होता. “हद्द ओलांडली. स्वतःच्या बळावर.”

“माझा शब्द ‘पुढे चालत’ असा होता,” मोरोपंत म्हणाले. “माइकवर दिलेला.”

“महाराज...” शफीभाईंनी सुरुवात केली.

“थांबा. विचार करू द्या.”

ते उतरले. जीपभोवती त्यांनी एक प्रदक्षिणा घातली. मग थांबून दुसरी घातली, उलटी. मागच्या चाकाशी वाकून त्यांनी एक्सलखाली बोट घातलं, आणि ते बोट काढून बघितलं. कुंकू लागलं होतं.

“घराचं तोंड कोणतं?” त्यांनी विचारलं.

शफीभाईंनी खिशातला पाना काढून पुन्हा आत ठेवला.

“घरातली माणसं ज्या दारानं बाहेर पडतात, ते घराचं तोंड. मग भिंतीवर चित्रं कुठेही काढलेली असोत. ही जीप या बाजूनं बाहेर पडली. म्हणजे हे हिचं तोंड.” आणि त्यांनी बोटाचं कुंकू जीपच्या फाळक्याला लावलं. “जीप पुढेच चालत आली. शब्द पुरा झाला.”

अद्वैतनं आधी शफीभाईंना मिठी मारली, मग जुईलीला, मग चुकून पाटीला. वडिलांना मिठी मारायची घरात पद्धत नव्हती, म्हणून तो वाकला. वाकल्यावर त्याची मान एकदाची कडकन सुटली.

“टिळा मीच लावला होता,” मोरोपंत हळूच म्हणाले. “लोकांना सांगू नकोस.”

“पण ऐका,” ते पुन्हा मोठ्यानं म्हणाले. “उद्या तुम्ही तो एक्सल काढून सरळ बसवला, की ही जीप मागे चालायला लागेल. म्हणजे आजचं सीमोल्लंघन मागे चालत झालं असं होईल. शब्द मोडेल. मग भंगारवाला.”

“म्हणजे नीट करायचीच नाही?”

“नीटच आहे. बिघडवायची नाही.”

शफीभाई ताठ उभे राहिले. “महाराज, माह्या कामाले आजवर कोनी असं समजून घेतलं नाई.”

याच वेळी शिट्टी वाजली. वाहतूक पोलीस रागिणीताई मोटारसायकलवरून उतरत होत्या. बऱ्याच अंतरावरून त्यांना दिसत होतं, की एक गाडी आपल्याकडे तोंड करून लांब चालली आहे, आणि त्यांनी आधी आपले डोळे चोळले होते.

“काहून? मेन रोडनं रिव्हर्स मारत आले?”

“ताई, रिव्हर्स नाहीच या गाडीत,” अद्वैत म्हणाला. “तुटला. हा बघा, तिसरा गिअर.”

रागिणीताईंनी आत डोकावून पाहिलं. दांडा तिसऱ्यातच होता. लायसन मागितलं, ते होतं. विमा होता. पट्टा होता. त्यांनी पावतीच्या मशीनमध्ये गुन्ह्याचं नाव शोधलं, वर-खाली सरकवलं, आणि मशीन खिशात ठेवलं.

“तोंड कोणतं हिचं?”

“ते,” सगळ्यांनी एकदम फाळक्याकडे बोट दाखवलं.

“आन कागदावर कोणतं हाय?”

मोरोपंतांनी त्यांच्या हातावर उरलेलं सोनं ठेवलं. रागिणीताईंनी ते कपाळाला लावून खिशात टाकलं.

“दसरा हाय म्हणून सोडून राह्यली. आरटीओले अर्ज द्या. तोंड कोणतं, शेपूट कोणतं, साहेबाच्या सहीनं आणून दाखवा. मंग चालवा कुठं चालवाची तिथं.”

त्या गेल्यावर शफीभाईंनी अकोल्याच्या दिशेनं बघितलं. त्यांना ही जीप एकदा बायकोला, नसीमबानोला, दाखवायची होती. अकोला उलट्या दिशेला होतं, पण या गाडीच्या बाबतीत ती अडचण कुणालाच मोठी वाटेना.

पुरणपोळी खाऊन झाल्यावर अद्वैतनं पूजेतून उतरलेला लॅपटॉप उघडला. अर्ज त्यानं एका बैठकीत, शेवटच्या ओळीपर्यंत, पूर्ण लिहिला. घरात हे दुसऱ्यांदा घडत होतं, आणि तेही एकाच दिवशी. जुईलीनं याचाही व्हिडिओ काढला. अर्ज असा:

प्रति, मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, अमरावती यांसी.

विषय : वाहनाचे तोंड व शेपूट यांची अदलाबदल नोंदवून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयान्वये सादर करण्यात येते की, अर्जदाराचे जुने चारचाकी वाहन दसऱ्याच्या शुभदिनी अंबेच्या साक्षीने व वाहतूक पोलिसांच्या समक्ष पुढे चालत शहराची हद्द ओलांडून गेले असून, सदर वाहनाचा जो भाग आजवर चुकीने मागचा समजला जात होता तो पुढचा असल्याचे धर्मशास्त्रदृष्ट्या सिद्ध झालेले आहे. तरी आपल्या दप्तरी सदर वाहनाच्या फाळक्यास तोंड, बॉनेटास शेपूट, पांढऱ्या दिव्यांस मागचे दिवे व लाल दिव्यांस पुढचे दिवे समजण्यात यावे, चालकाच्या मानेस वाहनाचा अधिकृत सुटा भाग म्हणून मान्यता देण्यात यावी, आणि हे नियमात बसत नसल्यास अमरावती ते अकोला मार्गावरील इतर सर्व वाहनांस, अर्जदार अकोल्यास जाऊन परत येईपावेतो, उलटे चालण्याचे आदेश तातडीने निर्गमित करण्यात यावेत, ही नम्र विनंती.